हिमालय डाव्या खिडकीत

दिल्लीहून बागडोग्र्याला जाणारे विमान साधारणपणे पूर्व-आग्नेयेकडे उडते, त्यामुळे हिमालयाची रांग त्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे तीन-तीन आसनांच्या विमानात ‘ए’ अक्षराच्या खिडकीत येते. परतीच्या प्रवासात हाच मान उजवीकडच्या ‘एफ’ला मिळतो. एवढे नकाशा पाहूनही कळते. त्या खिडकीतून शिखरे किती स्पष्ट दिसतील, हे मात्र पृथ्वीची वक्रता, हवेची घनता आणि सूर्याची जागा यांवर अवलंबून असते.

साडेदहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज, म्हणजे जेथे नजरेची रेषा भूपृष्ठाला जेमतेम स्पर्श करते ती मर्यादा, सुमारे ३६५ किलोमीटर दूर असते आणि डोळ्यांच्या पातळीपासून सव्वातीन अंश खाली दिसते. ८,८४९ मीटर उंचीचे एव्हरेस्ट विमानापासून दीडशे किलोमीटरवर आहे असे धरले, तर गणिताने त्याचे शिखर पातळीच्या केवळ सव्वा अंश खाली, अर्थात क्षितिजाच्या वर येते. शिवाय शिखरापर्यंतची दृष्टिरेषा वाटेत कोठेही पावणेनऊ किलोमीटरच्या खाली उतरत नाही, आणि त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत एक तृतीयांशाच्या आसपासच उरतो. हिवाळ्यात गंगेच्या मैदानावर जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवा अशी उलटी रचना होते, तिला तापमानाची विपरीतता म्हणतात. तिच्यामुळे धूर, धूळ आणि धुके खालच्या थरातच कोंडून राहतात. म्हणूनच बिहारमधल्या एखाद्या गावात समोरचे झाडही दिसत नसताना त्याच गावावरून जाणाऱ्या प्रवाशाला बर्फाच्छादित शिखरांच्या कडा रेखीव दिसू शकतात.

सूर्याचा हिशेबही येथे डाव्या खिडकीच्याच बाजूचा ठरतो. हिवाळ्यात या अक्षांशांवर सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे पाहणाऱ्याच्या तो पाठीशी राहतो आणि हिमालयाचे दक्षिण उतार उजळून निघतात. उजवीकडे बसलेल्याच्या डोळ्यांवर सूक्ष्म कणांनी पुढच्या दिशेने विखुरलेला प्रकाश येतो, आणि खिडकीच्या ॲक्रिलिकवरचा एकेक ओरखडा चमकू लागतो. खाली ढग असतील तर विमानाची सावलीही डावीकडेच पडते आणि तिच्याभोवती रंगीत वलये उमटतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारे इंद्रवज्र ते हेच. त्याला गोल इंद्रधनुष्य म्हणण्याची सवय असली, तरी इंद्रधनुष्याची त्रिज्या सुमारे ४२ अंशांची असते, आणि ही वलये त्या मानाने फारच लहान, सूक्ष्म जलबिंदूंनी प्रकाश उगमाच्या दिशेने परत विखुरल्यामुळे तयार होणारी असतात.

पंख टाळावा, हा नेहमीचा सल्ला या मार्गावर अर्धाच लागू पडतो. पंख मुख्यतः खालचे दृश्य झाकतो. कोसीचे पसरलेले, फाट्याफाट्यांचे पात्र पाहायचे असेल तर त्याची अडचण होते, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर दिसणाऱ्या शिखरांना तो त्या मानाने कमी आड येतो. तरीही पंखाच्या पुढची ओळ सरस, कारण मागच्या ओळींतून पाहताना इंजिनातून निघालेल्या तप्त वायूंच्या झोतात प्रकाश वेडावाकडा वळतो आणि दृश्य थरथरल्यासारखे दिसते. बोइंग ७३७च्या काही ओळींत वातानुकूलनाची नळी भिंतीतून जात असल्याने खिडकीच नसते, हेही आसन निवडताना तपासलेले बरे. प्रादेशिक मार्गांवरच्या एटीआर-७२ विमानात पंख खिडक्यांच्या वर असल्याने हा प्रश्न बराचसा मिटतो.

८,५८६ मीटर उंचीची कांचनगंगा बागडोग्र्याच्या उत्तरेला सुमारे ११५ किलोमीटरवर आहे. पण विमान खाली येऊ लागले की दृष्टिरेषाही दाट, धुरकट थरात शिरते. छायाचित्रे काढायची तर ती उतरणीची घोषणा होण्यापूर्वीच काढावीत.