जिवंत पेशी आणि मागाचे सुटे भाग



मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका आजींनी नातवाचा डोस चुकवला. "लस आता यीस्टमध्ये बनवतात म्हणे, बाळाच्या अंगात ते वाढलं तर?" असं त्यांनी विचारलं. म्हणून आज याच विषयावर बोलू.

बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस देतात. तिचा एक भाग 'हिपॅटायटिस बी' या काविळीपासून वाचवतो. १९८१ साली आलेली या आजाराची पहिली लस रोग्यांच्या रक्तापासून बनवावी लागे. १९८६ साली नवी पद्धत आली. विषाणूच्या एकाच प्रथिनाची कृती, म्हणजे जनुक, यीस्टच्या पेशीत घालायची. यीस्ट वाढतं आणि ते प्रथिन तयार करतं. मग प्रथिन वेगळं काढून शुद्ध करतात. त्यामुळे लसीत जिवंत यीस्टही नसतं आणि काविळीचा विषाणूही नसतो. आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही अशी लस बनवते.

हे झालं एक काम. सिंथेटिक बायोलॉजीचा हेतू त्याहून मोठा आहे. आपल्या भिवंडीत मागाचा धोटा तुटला तर त्याच मापाचा दुसरा आणून बसवतात, माग पुन्हा चालतो. पेशीच्या बाबतीत मात्र पूर्वी प्रत्येक वेळी पहिल्यापासून खटपट करावी लागे. म्हणून २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जनुकांच्या ठरावीक मापाच्या तुकड्यांचा संग्रह सुरू झाला. तुकडे एकमेकांना जुळावेत, आधी संगणकावर आराखडा करावा, मग पेशी घडवून तपासावी, चुकलं तर दुरुस्त करून पुन्हा करावं, अशी ही रीत. थोडक्यात, जीवशास्त्राला इंजिनिअरिंगची शिस्त लावायची.

२००६ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी यीस्टकडून मलेरियाच्या औषधाचा कच्चा माल बनवून घेतला. एरवी तो एका वनस्पतीपासून मिळतो.

पण मैत्रिणींनो, माग आणि पेशी यांत फरक आहे. वीज गेली की माग थांबतो. पेशी मात्र वाढते, बदलते, कधी आराखड्याप्रमाणे वागतही नाही. म्हणूनच बदललेले जीव हाताळण्यासाठी आपल्या देशात १९८९ पासून नियम आहेत. दुसरा प्रश्न पोटाचा. शेतात पिकणारी वस्तू टाकीत बनू लागली, तर ते पीक घेणाऱ्या बाईने काय करायचं? हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

मात्र प्रश्न विचारणं वेगळं आणि अफवेपायी डोस चुकवणं वेगळं. शंका आली तर आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारा. आमच्या आजींनी विचारलं, आणि नातवाचा राहिलेला डोस पुढच्या लसीकरणाच्या दिवशी दिला. तुमच्या घरातलं कार्ड आजच काढून बघा.