पॅशन फळ : नाव दुःखसहनाचे, गुण पोषणाचे

मोठ्या शहरांच्या फळबाजारात अलीकडे जांभळ्या किंवा पिवळ्या रंगाचे, अंड्याएवढे, कडक सालीचे एक फळ दिसते. ते पॅशन फळ होय. इंग्रजीत 'पॅशन' म्हणजे वासना एवढाच अर्थ ठाऊक असल्याने नावाविषयी पुष्कळांचा गैरसमज होतो. शिवाय मधुमेह, रक्तदाब व निद्रानाश यांवर हे फळ रामबाण आहे, असेही सांगितले जाते. म्हणून नाव कोठून आले आणि गुण किती, हे आपण पाहू या.

नावाची कथा

या वेलीचे मूळ स्थान दक्षिण ब्राझील, पॅराग्वे व उत्तर अर्जेंटिना. स्पॅनिश मिशनरी अमेरिकेत गेले तेव्हा या कुळातील वेलींच्या फुलात त्यांना प्रभू येशूच्या दुःखसहनाची चिन्हे दिसली. तंतूंचे वर्तुळ म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरची तीन टोके म्हणजे तीन खिळे, वेलीचे ताणे म्हणजे चाबूक. दहा पाकळ्या म्हणजे पेत्र व यूदास सोडून उरलेले दहा प्रेषित. रोममध्ये जाकोमो बोसियो यांनी १६१० साली क्रूसावरील आपल्या ग्रंथात या फुलाचे वर्णन दिले. पुढे १७५३ मध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने कुळाला 'पॅसिफ्लोरा', म्हणजे दुःखसहनाचे फूल, हेच नाव दिले.

आपल्या अंगणातील कृष्णकमळ याच कुळातले. त्याच्या तंतूंत शंभर कौरव, पाच पुंकेसरांत पाच पांडव आणि मध्यभागी श्रीकृष्ण, असे आपले शेजारी सांगतात. फुले एकाच घराण्यातली. प्रत्येकाने त्यात आपली श्रद्धा पाहिली.

आरोग्यास उपयोग

बियांसह १०० ग्रॅम गरात सुमारे १० ग्रॅम चोथा व ३० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. चोथ्यामुळे बद्धकोष्ठ कमी होते, म्हणून गर बियांसकट खावा. गाळून साखर घातलेल्या सरबतात हा लाभ राहत नाही. मात्र एका जांभळ्या फळात गर थोडाच, म्हणजे १०० ग्रॅमसाठी पाच-सहा फळे लागतात. आपल्या पेरूत 'क' जीवनसत्त्व याच्या कित्येक पट असते. ज्याला हे महाग फळ परवडत नाही, त्याने पेरू व आवळा खावा; काहीही बिघडत नाही.

झोपेसाठी वापरतात ती याच कुळातील दुसरी वनस्पती. फळ खाऊन झोप येईल असे समजू नये. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या फळाच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे. मूत्रपिंडाच्या रोग्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे फळ खावे, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते. हिरवी कच्ची फळे व पाने मुलांना खाऊ देऊ नयेत. त्यांत विषारी द्रव्य तयार होऊ शकते.

लागवड करताना

भारतात नागालँड, मणिपूर, मिझोराम, कूर्ग व निलगिरी भागांत हे पीक घेतात. कूर्गमधील चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्राने जांभळ्या व पिवळ्या जातींच्या संकरातून 'कावेरी' ही जात काढली आहे. वेलीला तारांचा भक्कम मांडव लागतो. मुळाशी पाणी साचले तर मुळे कुजून वेल मरते, म्हणून निचऱ्याची जमीन हवी.

पिवळी जात लावणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. तिच्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही. एकाच वेलीच्या फांद्या कापून सगळा मांडव भरला, तर फुले येतील पण फळ धरणार नाही. निरनिराळ्या वेलींची रोपे जवळ लावावीत. पराग वाहून नेण्याचे काम मोठा काळा भुंगा करतो. तो वाळक्या लाकडात घर करतो. म्हणून बांधावर एखादा वाळका ओंडका राहू द्यावा. ही फुले दुपारी उमलतात; त्या वेळी कीटकनाशक मारू नये.

आमचा सल्ला एवढाच, की प्रथम परसात तीन-चार वेली लावून पाहाव्यात. फळ कोण व कोणत्या भावाने घेणार, याची खात्री झाल्याशिवाय कर्ज काढून शेतभर मांडव घालू नये. प्रभूच्या दुःखसहनाचे नाव या फळाला लाभले, म्हणून चमत्कारी औषधाच्या नावाने ते आपल्या गळ्यात कोणी मारू नये, याची काळजी आपणच घेतली पाहिजे.