मधला दुवा

छत्रपति संभाजीनगरांतील एक प्रसंग वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावा. औरंगपुऱ्यांत कोणी गृहिणी भाजी घेते व मोबाइलवरून ऐंशी रुपये देते. तिच्या खात्यांतून रक्कम वजा झाल्याचा संदेश येतो. भाजीवालीचा बोलका डबा मात्र मुकाच राहतो. मागें गिऱ्हाइकें खोळंबतात आणि ती संकोचानें पुन्हा ऐंशी रुपये पाठविते.

पहिले पैसे गेले कोठें? हें समजण्यास या व्यवहारांतील एका अदृश्य मध्यस्थाची ओळख करून घेतली पाहिजे. परस्परांस अनोळखी असलेल्या संगणकीय व्यवस्थांमध्यें निरोप्याचें काम करणाऱ्या प्रणालीस ‘मिडलवेअर’ म्हणतात. ‘यूपीआय’ हें अशा मध्यस्थीचें घरोघर पोंचलेलें रूप होय. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या २००८ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें एप्रिल २०१६ मध्यें २१ बँकांसह त्याचा प्रारंभ केला. या बँकांनीं एकमेकींशीं परस्पर संधान बांधावयाचें ठरविलें असतें, तर २१० जोडण्या लागत्या. मध्यस्थ असल्यामुळें २१ पुरतात. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यांत या मार्गानें २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले.

निरोपाचा क्रम सोपा आहे. मध्यस्थ प्रथम गृहिणीच्या बँकेस रक्कम वजा करावयास सांगतो; होकार येतांच भाजीवालीच्या बँकेस ती जमा करावयास सांगतो; शेवटीं उभयतांस वर्दी देतो. स्पष्ट नकार आला तर पैसे परत फिरतात. खरी अडचण येते ती उत्तरच न आल्यास. रक्कम जमा झालीच नाहीं, कीं जमा होऊन केवळ वर्दी वाटेंत अडकली? मौनाचा अर्थ दुरून कळत नाहीं. म्हणून प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक असतो, व त्यावरून मागाहून चौकशी करतां येते. परंतु गृहिणी नव्यानें पैसे पाठविते तेव्हां क्रमांकही नवा पडतो, आणि यंत्र ती दुसरी खरेदीच समजतें!

मलिक अंबरानें सतराव्या शतकांत याच शहरासाठीं बांधविलेल्या नहरीचें पाणी जमिनीखालून येई. पण कोंडलेली हवा निघून जावी म्हणून वाटेंत ठिकठिकाणीं उंच बंबे उभारलेले होते. जें दृष्टीआड वाहतें, त्याची कोंडी फुटावयास वाट ठेवावीच लागते. व्यवहाराचा क्रमांक ही आपल्याकरितां ठेवलेली तशीच वाट आहे.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणें, व्यक्तीस पाठविलेली रक्कम तिच्या खात्यांत जमा न झाल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत, व व्यापाऱ्यास खात्री न पोंचल्यास पांच दिवसांत, ती आपोआप परत आली पाहिजे. पुढील विलंबास दर दिवशीं १०० रुपये भरपाई आहे.

तेव्हां अशा वेळीं दुसऱ्यांदा पैसे पाठविण्याची घाई करूं नये; क्रमांक टिपावा, व्यवहाराची स्थिति पाहावी, मग बँकेस विचारावें. भाजीवालीवरही संशय घेऊं नये. तिची तर दिवसाची कमाई अडकलेली असते. आणि घरांतील वडीलधाऱ्यांस तो क्रमांक कोठें दिसतो, हें तरुण मंडळींनीं आजच एकदां दाखवून ठेवावें.