पहारा देणारी तार

मुलांनो, घराचे रक्षण म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? मजबूत दरवाजा, मोठे कुलूप आणि काठी आपटत फिरणारा पहारेकरी. आणि टेलिफोन म्हटले की? दूरच्या माणसाशी बोलण्याचे साधन. ही दोन कामे अगदी निराळी वाटतात. पण त्यांची दोस्ती फार जुनी आहे.

अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली चोराची खबर देणाऱ्या विजेच्या घंटेचे पेटंट घेतले. तिची रचना सोपी होती. दाराखिडक्यांना तारा जोडलेल्या असत. दार उघडले की तारांतून वीज वाहू लागे आणि घंटा वाजे. पुढे एडविन होम्स यांनी या घंटेचे हक्क विकत घेतले. पण घरात कोणीच नसेल, तर घंटा वाजून काय उपयोग? म्हणून पुढे ग्राहकांच्या इमारतींपासून होम्स यांच्या कचेरीपर्यंत तारा नेण्यात आल्या. कोठे दार उघडले, हे कचेरीतल्या माणसाला लगेच कळू लागले.

१८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. टेलिफोनला तारा हव्या होत्या आणि होम्स यांच्या तारा तर तयारच होत्या! १८७७ साली बॉस्टन शहरात त्याच तारांना टेलिफोन जोडण्यात आले. दिवसा त्या तारा बोलत आणि रात्री पहारा देत.

आज दुकानात बसवलेल्या कॅमेऱ्याचे चित्र इंटरनेटवरून मालकाला मोबाइलवर दिसते. तो परगावी असला तरी दुकानावर नजर ठेवू शकतो. परंतु ज्या वाटेने खबर बाहेर जाते, त्याच वाटेने चोरही आत येऊ शकतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो उपकरणे ताब्यात घेतली. त्यांत पहाऱ्याचे कॅमेरेही होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड अनेक मालकांनी बदललाच नव्हता. मिराईने असे नेहमीचे पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले आणि दरवाजे उघडले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या उपकरणांच्या मदतीने झालेल्या हल्ल्यामुळे अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या.

कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकत ठेवली, तर तुम्ही त्याला शहाणपण म्हणाल का? पासवर्ड हीसुद्धा किल्लीच आहे. तुमच्या घरी किंवा दुकानात असा कॅमेरा असेल, तर त्याचा पासवर्ड बदलला आहे का, हे आजच वडीलधाऱ्यांना विचारा.