विश्लेषण : सत्तेतून थेट कंपनीत! युरोपातील ‘कूलिंग ऑफ’ नियम काय आहे?

निवृत्त नेत्यांना बड्या कंपन्या ‘पब्लिक अफेअर्स’साठी नेमतात. म्हणजे सरकारी धोरण कंपनीच्या सोयीचे व्हावे यासाठी सरकारशी बोलणी करण्याचे काम. युरोपात ही वाट चांगलीच रुळली आहे.

कोण गेले?
निक क्लेग २०१० ते २०१५ ब्रिटनचे उपपंतप्रधान होते. २०१७ मध्ये खासदारकी गेली आणि २०१८ मध्ये ते फेसबुकमध्ये दाखल झाले. युरोपीय आयोगाचे अध्यक्षपद २०१४ मध्ये सोडलेले जुझे मानुएल बारोझो २०१६ मध्ये गोल्डमन सॅक्समध्ये गेले.

बारोझो यांनी नियम मोडला का?
नाही. पद सोडल्यावर १८ महिने नवे काम स्वीकारण्याआधी आयोगाला कळवावे लागे. बारोझो यांची नियुक्ती सुमारे २० महिन्यांनी जाहीर झाली. आयोगाच्या नैतिकता समितीनेही नियमभंग झाला नसल्याचे सांगितले. मात्र त्यांनी पुरेसे तारतम्य दाखवले नाही, असा शेरा मारला.

पुढे काय बदलले?
२०१८ पासून ही मुदत माजी आयुक्तांसाठी २ वर्षे, तर माजी अध्यक्षांसाठी ३ वर्षे झाली.

मग आक्षेप कशाला?
फाइल कुठे अडते, कोणाच्या शब्दाला वजन आहे, ही माहिती नेत्याला जनतेने दिलेल्या पदामुळे मिळते. तिचा फायदा मात्र कंपनीला होतो. मुदत संपली तरी ओळखी संपत नाहीत.