उडी केव्हा मारू नये : ‘सर्कस चार्ली’चे डावपेच

जपानमधील कोनामी या कंपनीने १९८४ साली ‘सर्कस चार्ली’ हा खेळ प्रथम आर्केडसाठी, म्हणजे करमणूक केंद्रांतून नाणे टाकून खेळल्या जाणाऱ्या उभ्या यंत्रासाठी, तयार केला आणि पुढे १९८६ साली सॉफ्ट प्रो या कंपनीने त्याचे रूपांतर निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्रासाठी बाजारात आणले. महाराष्ट्रातील ज्या पिढीने १९९० च्या दशकात दूरचित्रवाणी संचाला तारा जोडून ‘व्हिडिओ गेम’ खेळला, तिच्या परिचयाचा आहे तो हा दुसरा अवतार. त्या काळी फॅमिकॉमच्या नकला करून बनवलेली स्वस्त यंत्रे बाजारात मुबलक मिळत असत आणि ज्यांना सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई, त्या एकाच खोक्यात अनेक खेळ भरलेल्या पिवळ्या-काळ्या डब्यांत ‘काँट्रा’ आणि ‘मारिओ’ यांच्याबरोबर चार्लीची ही सर्कसही हमखास असे. पुढील विवेचन मुख्यतः या घरगुती आवृत्तीला धरून आहे.

खेळाची रचना वरकरणी अगदी साधी आहे. चार्ली हा विदूषक सर्कशीतील पाच कसरती एकामागून एक करून दाखवतो : सिंहावर स्वार होऊन जळत्या कड्यांतून जाणे, तारेवरून चालत समोरून येणाऱ्या माकडांना ओलांडणे, मोठ्या चेंडूंवर तोल सांभाळत एका चेंडूवरून दुसऱ्यावर जाणे, धावत्या घोड्यावरून उड्या घेणे आणि शेवटी झुल्यावरून झुल्यावर झेप घेणे. (मूळ आर्केड यंत्रावर ट्रॅम्पोलिनवरून उसळत जाण्याचा आणखी एक टप्पा होता, तो घरगुती आवृत्तीत गाळला गेला.) पाचही कसरती पार पडल्या की खेळ संपत नाही, तर त्याच कसरती वाढत्या वेगाने पुन्हा सुरू होतात. खेळणाऱ्याच्या हाती मात्र डावी-उजवी दिशा आणि उडीचे एक बटण यांपलीकडे काहीही नसते. शत्रूवर झाडण्यासाठी गोळी नाही की बचावासाठी ढाल नाही. ज्या खेळात शस्त्रच नाही, त्यात डावपेच ते कोणते, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उभा राहतो आणि त्याचे उत्तर चार्लीच्या उडीच्या स्वरूपात सापडते.

ही उडी एकदा घेतली की बदलता येत नाही. ‘मारिओ’सारख्या खेळात हवेत असतानाही दिशा फिरवता येते आणि बटण किती वेळ दाबले यावर उडीची उंची ठरते, चार्लीच्या बाबतीत जमीन सोडण्याच्या क्षणी जी दिशा दाबलेली असेल त्याच दिशेने, ठरलेल्या उंचीची आणि ठरलेल्या लांबीची कमान पूर्ण होते व तोवर खेळणारा केवळ प्रेक्षक असतो. याचा अर्थ असा की संपूर्ण खेळात खेळणाऱ्याने घ्यावयाचा निर्णय खरे पाहता एकच आहे, तो म्हणजे उडी केव्हा घ्यावी; आणि त्याहूनही महत्त्वाचे, ती केव्हा घेऊ नये. बोटांची चपळाई येथे जवळजवळ निरुपयोगी आहे. बटण झपाट्याने दाबण्याची सवय लागलेले खेळाडू या खेळात सर्वांत लवकर बाद होतात, याचे कारण हेच आहे.

पहिल्या टप्प्यातील सिंहाची कसरत या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण पुढच्या चारही टप्प्यांचे व्याकरण तिच्यात आलेले आहे. येथे दोन प्रकारचे अडथळे असतात. जमिनीवरील आगीची मडकी स्थिर असतात, तर जळती कडी उजवीकडून डावीकडे, म्हणजे चार्लीच्या दिशेने, स्वतःहून सरकत येतात. नवखा खेळाडू दोहोंना एकसारखेच मानून पुढे धावत सुटतो आणि त्यामुळे कड्याचा वेग व सिंहाचा वेग यांची बेरीज होऊन विचाराला मिळणारा अवधी कमी होतो. अनुभवी खेळाडू उलट वागतो. तो मडक्याच्या अलीकडे थांबतो, कडे स्वतः जवळ येऊ देतो आणि कडे व मडके एका उडीच्या आवाक्यात आले की पुढे झेप घेतो. दोन्ही अडथळे एकाच उडीत ओलांडल्याचे जादा गुण मिळतात ते वेगळेच. सिंहाला मागेही नेता येते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. कड्याचे आणि मडक्याचे गणित जुळत नसेल, म्हणजे कडे ओलांडून खाली येताना पाय नेमके मडक्यावर पडतील असे दिसत असेल, तर चार पावले मागे सरून अंतर नव्याने आखणे हा या टप्प्यातील सर्वांत मोलाचा डाव आहे.

कडीही दोन आकारांची असतात. मोठ्या कड्यातून जाताना उडीच्या वेळेत थोडी चूक चालून जाते. लहान कड्यात पैशांची थैली टांगलेली असते आणि तेथे चुकीला जवळपास वावच नसतो. थैलीचे गुण आकर्षक असले तरी पहिल्या फेरीत तिच्यासाठी चाल बिघडवू नये. लहान कड्यासाठी उडी नेहमीपेक्षा किंचित उशिरा, कडे सिंहाच्या तोंडाशी येईपर्यंत धीर धरून घ्यावी लागते आणि हा धीर सरावानेच येतो.

मग सर्व वेळ थांबूनच का खेळू नये? या प्रश्नाची तरतूद खेळ रचणाऱ्यांनी आधीच करून ठेवली आहे. पडद्याच्या वरच्या भागात ‘बोनस’ नावाचा एक आकडा सतत उतरत असतो; टप्पा संपतेवेळी त्यातील जे शिल्लक राहील ते गुणांत मिळवले जाते आणि तो शून्यावर आला तर चार्लीचा एक जीव जातो. खेळातील खरा ताण आग आणि माकडे यांच्यापेक्षा या उतरत्या आकड्याने निर्माण केलेला आहे, असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही. थांबणे हे खेळणाऱ्याचे एकमेव शस्त्र आहे आणि नेमके तेच शस्त्र मोजून दिलेले आहे. त्यामुळे चांगली खेळी म्हणजे सरसकट सावध खेळी नव्हे. मोकळ्या जागेत न रेंगाळता पुढे जाऊन वेळ वाचवावा आणि तो वाचवलेला वेळ अवघड जोडअडथळ्यांपुढे खर्च करावा, अशी ती एक काटकसर आहे. वाटेत उरलेले अंतर दाखवणाऱ्या पाट्या लागतात, त्या या हिशेबासाठीच वाचावयाच्या असतात : अर्धी वाट सरण्याआधीच अर्ध्याहून अधिक बोनस उतरला असेल तर गती वाढवावी, एरवी घाईचे कारण नाही.

दुसऱ्या टप्प्यात मराठीतील ‘तारेवरची कसरत’ शब्दशः घडते. समोरून येणारी तपकिरी माकडे संथ असतात आणि त्यांना ओलांडणे सोपे असते. अडचण निळसर माकडाची आहे, कारण ते वेगाने येते आणि वाटेतील तपकिरी माकडांवरून स्वतः उडी मारून पुढे सरकते. चार्ली तपकिरी माकडावरून झेपावत असताना त्याच क्षणी निळे माकडही हवेत असेल तर दोघांची टक्कर अटळ असते आणि घेतलेली उडी मागे घेता येत नसल्याने सुटकेचा मार्ग उरत नाही. म्हणून येथे जवळच्या माकडाऐवजी दूरच्या माकडाकडे नजर ठेवावी लागते. पडद्याच्या उजव्या कडेला निळा रंग दिसताच चार्लीला जागीच उभे करावे, किंवा एखादे पाऊल मागे घ्यावे, निळ्या माकडाने तपकिरी माकडाला ओलांडून तारेवर पाय टेकेपर्यंत वाट पाहावी आणि मगच उडी घ्यावी. दोघे अगदी लागोपाठ आले तर एकाच झेपेत दोघांना ओलांडता येते व त्याचे गुणही अधिक मिळतात, परंतु तो डाव तारेवर हात बसल्यानंतरचा आहे.

चेंडूंच्या टप्प्यात जमीन स्वतःच हलू लागते. चार्ली ज्या चेंडूवर उभा असतो तो त्याच्या पावलांसरशी फिरतो आणि समोरून दुसरा चेंडू गडगडत येतो. दोन्ही चेंडू एकमेकांवर आदळण्यापूर्वी पुढच्यावर गेले पाहिजे. पुढची दिशा दाबून घेतलेली उडी लांब पडते, दिशा न दाबता घेतलेली उडी जागच्या जागी पडते आणि या दोन मापांपैकी कोणते वापरायचे हे समोरच्या चेंडूच्या अंतरावर ठरते. बहुतेक चुका येथे लांब उडीच्या अतिवापराने होतात : चेंडू जवळ आलेला असताना पुढे झेप घेतली की चार्ली त्याच्या पलीकडे जाऊन पडतो.

घोड्याच्या टप्प्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. येथे घोडा थांबत नाही, त्याचा वेग तेवढा कमी-जास्त करता येतो आणि स्वार वाटेतील उसळत्या फळ्यांवर पाय टेकीत पुन्हा खोगिरावर उतरतो. वेग कमी ठेवणे एवढाच काय तो उपदेश. पाच टप्प्यांतील हा सर्वांत सपाट टप्पा आहे. थांबण्याचा पर्याय काढून घेतल्याने त्यात विचारापेक्षा प्रतिक्षिप्त क्रियाच अधिक उरते.

झुल्यांचा शेवटचा टप्पा मात्र खेळाला पुन्हा मूळ पदावर आणतो. झुल्यावर लटकलेला चार्ली हवा तितका वेळ हेलकावे घेऊ शकतो आणि बोनसखेरीज त्याचे काहीही खर्च होत नाही. तरीही याच ठिकाणी सर्वाधिक जीव जातात, कारण खेळणारा स्वतःच्या झुल्याकडे पाहत राहतो. स्वतःच्या झुल्याची लय दोन हेलकाव्यांत कळते. पाहावयाचे असते ते पुढच्या झुल्याकडे. आपला झुला पुढच्या टोकाजवळ पोचत असताना समोरचा झुला आपल्याकडे येत असेल तरच हात सोडावा आणि तो दूर जात असेल तर आणखी एक हेलकावा घ्यावा. प्रत्येक झुल्याची लय वेगळी असल्यामुळे दोघांचा मेळ कधी लगेच जमतो, तर कधी तीन-चार हेलकाव्यांनंतर.

चार्लीच्या या कसरती कल्पनेतून आलेल्या नाहीत, हेही येथे नोंदवावयास हवे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली भारतीय सर्कशीचा पाया घातला, ते स्वतः अश्वविद्येत निष्णात होते आणि धावत्या घोड्यावरील कसरती हे त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चे मोठे आकर्षण होते. सिंह आणि माकडे यांचे भाग्य मात्र वेगळे ठरले. भारत सरकारने १९९८ साली अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्याकडून खेळ करवून घेण्यास मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ती कायम ठेवली. घरोघरी कॅसेटवर चार्लीचा सिंह कड्यांतून उड्या मारीत होता, जवळपास त्याच काळात खऱ्या तंबूतून सिंह बाहेर पडत होता.

आज हा खेळ पुन्हा खेळू पाहणाऱ्यांना एक विचित्र अनुभव येतो. लहानपणी सहज पार होणारे टप्पे आता जमत नाहीत आणि त्याचा दोष बहुधा वाढत्या वयाला दिला जातो. परंतु तो निदान अंशतः तांत्रिक आहे. फॅमिकॉमच्या खेळांचे सर्व गणित फ्रेमवर, म्हणजे पडद्यावर लागोपाठ उमटणाऱ्या एकेका चित्रावर, चालते : प्रत्येक चित्रामागे कडे ठरावीक अंतर सरकते, बोनस ठरावीक गतीने उतरतो, उडीची कमान ठरावीक चित्रांत पूर्ण होते. जपानमधील दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटत, भारतातील पाल पद्धतीत ५०. पाल संचांसाठी जुळवलेल्या नकली यंत्रांवर तोच खेळ त्यामुळे सुमारे एक षष्ठांशाने संथ चालत असे. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी संगणकीय प्रणाली, सामान्यतः मूळ जपानी गतीने खेळ चालवते आणि त्या काळी बोटांत मुरलेला अंदाज तेथे दरवेळी थोडा उशिरा पडतो.

या अडचणीवर उपाय सोपा आहे. अनेक एम्युलेटरमध्ये यंत्राचा प्रदेश निवडण्याची सोय असते. तेथे ‘पाल’ किंवा नकली यंत्रांच्या गतीचा ‘डेंडी’ हा पर्याय मिळाल्यास ‘डेंडी’ निवडावा, त्या गतीवर सिंहाचा आणि तारेचा टप्पा एकही जीव न गमावता पार होईपर्यंत सराव करावा आणि त्यानंतरच जपानी गतीकडे वळावे. पहिली फेरी थैल्यांचा मोह टाळून केवळ शेवट गाठण्यासाठी खेळावी. गुणांचा विचार करण्यास दुसरी फेरी मोकळी आहे.