उच्च माध्यमिक स्तरावरील संगणकशास्त्राचे अध्ययन : स्वरूप आणि पदवी अध्यापनापुढील प्रश्न

प्रस्तावना :
पदवीच्या प्रथम वर्षाला संगणकशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकासमोर एकाच वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी असतात. काहींनी बारावीपर्यंत सूक्ष्मप्रक्रियकाच्या आज्ञावली लिहिलेल्या असतात. तर काहींनी हा विषय औपचारिकरीत्या कधीच अभ्यासलेला नसतो. अभ्यासक्रम मात्र दोघांनाही एकच असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अन्य विद्याशाखांतील विद्यार्थ्यांनाही हा विषय निवडण्याची मुभा मिळाल्याने ही तफावत अधिक वाढण्याची शक्यता आहे. म्हणून महाराष्ट्रातील उच्च माध्यमिक स्तरावरील या विषयाचे स्वरूप समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयाचे स्थान :
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या योजनेत संगणकशास्त्र हा द्विलक्ष्यी व्यवसाय अभ्यासक्रमातील २०० गुणांचा विषय म्हणून रुजला. द्वितीय भाषा आणि एक ऐच्छिक विषय या दोहोंच्या जागी तो घेतला जातो. माहिती तंत्रज्ञान हा १०० गुणांचा विषय याहून वेगळा असून त्याची परीक्षा संगणकावर घेतली जाते. या दोन विषयांतील भेद लक्षात न घेता ‘विद्यार्थ्याने बारावीला संगणक घेतला होता’ असे म्हटल्यास त्याच्या पूर्वज्ञानाविषयी काहीच निश्चित कळत नाही.

अभ्यासक्रमाचा गाभा :
संगणकशास्त्राच्या प्रदीर्घ काळ चालत आलेल्या अभ्यासक्रमात दोन प्रश्नपत्रिका आहेत. पहिलीत कार्यप्रणाली, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस व एचटीएमएल यांचा, तर दुसरीत इंटेलचा ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक, एक्स ८६ मालिका, ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग यांचा समावेश होतो. १९७६ साली बाजारात आलेला ८०८५ आज कालबाह्य आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवर पाहता योग्य वाटला तरी अपुरा आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. २०० व १०० यांची बेरीज सी प्लस प्लसमध्ये एका ओळीत होते आणि उत्तर ३०० येते. ८०८५ मध्ये मात्र पहिली संख्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, दुसरी अन्य रजिस्टरमध्ये ठेवून बेरजेची आज्ञा द्यावी लागते. आठ बिटांत २५५ पर्यंतच संख्या मावते. परिणामी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये ४४ उरतात आणि कॅरी फ्लॅग १ होतो. हीच बेरीज सी प्लस प्लसमध्ये आठ बिटांच्या अनसाइन्ड कॅरॅक्टर प्रकारच्या चलात साठविल्यास तेथेही ४४ च मिळतात. म्हणजे दोन्ही प्रश्नपत्रिका एकाच सत्याच्या दोन बाजू दाखवितात. हा दुवा वर्गात स्पष्ट केला गेला नाही, तर विद्यार्थी आज्ञांची नावे पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

हेच शोधपद्धतींबाबतही म्हणता येईल. क्रमाने लावलेल्या १००० संख्यांत द्विभाजन पद्धतीने शोध घेतल्यास जास्तीत जास्त १० घटक तपासावे लागतात. ओळीने शोधल्यास १००० घटकही तपासावे लागू शकतात. ही समज कोणत्याही एका संगणकीय भाषेवर अवलंबून नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२०-२१ पर्यंत सी प्लस प्लसऐवजी पायथनचा स्वीकार केला. तरीही हे तत्त्व बदललेले नाही.

भाषेचा प्रश्न :
या निवडीची एक किंमतही आहे. मराठीच्या सक्तीच्या अध्यापनाविषयीचा राज्याचा २०२० चा कायदा दहावीपर्यंतच्या इयत्तांना लागू आहे. त्यामुळे द्वितीय भाषेऐवजी संगणकशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याचे मराठीचे औपचारिक शिक्षण बहुधा दहावीलाच थांबते. त्याच वेळी विज्ञान शाखेत अध्यापनाचे माध्यम प्रामुख्याने इंग्रजी होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला नवा विषय आणि नवे माध्यम यांना एकाच वर्षी सामोरे जावे लागते. अशा विद्यार्थ्याची अडचण अनेकदा तर्काची नसून भाषेची असते. गुणपत्रिकेत मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

समारोप :
वरील विवेचनावरून पदवी अध्यापकांसाठी तीन गोष्टी सुचविता येतात. प्रथम, सत्राच्या आरंभी गुणांकनाविना एक छोटी चाचणी घेऊन पूर्वज्ञान जाणून घ्यावे. दुसरे, उच्चस्तरीय भाषा शिकविताना स्मृती, रजिस्टर व बिटमर्यादा यांचा संबंध जाणीवपूर्वक उलगडून दाखवावा. त्यामुळे नवशिक्यास पाया मिळेल आणि जाणत्यास पाठांतरापलीकडचा अर्थ उमगेल. तिसरे, संज्ञा इंग्रजी ठेवूनही संकल्पनेचे स्पष्टीकरण मराठीतून करण्यास संकोच करू नये. उच्च माध्यमिक स्तरावरील दोन वर्षांत जे पेरले गेले, ते ओळखल्याशिवाय पदवीस्तरावरील मशागत फलदायी ठरणार नाही.